लाली, मोगरी आणि आमची टीम

आमच्या घरी कुरोड्यांचा घाट घातला की चार दिवस सगळ्यांनी आईशी जपून बोलायचं, हा न सांगता पाळायचा नियम होता. गहू तीन दिवस भिजायचे, रोज त्यांचं पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी असा आंबट वास सुटायचा की पाहुणा उंबऱ्यातच नाक धरायचा. मला तो वास आजही आवडतो. माझ्या सुनेला आवडत नाही, आणि त्यावरून आमचं वर्षातून एकदा ठरल्यासारखं वाजतं. चौथ्या दिवशी उजाडायच्या आधीच आई चूल पेटवायची. बुद्धविहारातून वंदना ऐकू यायची, मागे यार्डात रेल्वेचे डबे एकमेकांना धडकायचे, आणि घरात चीक घोटणाऱ्या लाकडी चाटूचा जड, ओला आवाज चालू असायचा. चीक म्हणजे भिजलेले गहू वाटून, गाळून निघालेलं दूध. ते उकळत्या पाण्यात ओतून घोटलं की घट्ट होतं, आणि गरम असतानाच साच्यातून दाबून त्याच्या कुरोड्या पाडायच्या. त्याआधी प्रत्येकाच्या वाटीत एकेक पळी चीक पडायचा. मला दूध-साखर घालून, बाबांना कच्चं तेल आणि तिखट घालून. आई स्वतः खायची नाही. तिचं सगळं लक्ष अंगणातल्या दोन बाजांवर. त्यांच्यावर जुनं लुगडं अंथरून ती कुरोड्या अशा ओळीत घालायची, की शाळेत प्रार्थनेला आम्ही मुलीसुद्धा तितक्या सरळ उभ्या राहत नसू. तो वर्षभराचा साठा असायचा. सण, पाहुणे, आजारातून उठलेला माणूस, सगळ्यांना त्यातूनच निघायचं.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजारापासून आत, रेल्वे लाइनच्या बाजूला होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे शकुनकाकू आणि त्यांच्या दोन बकऱ्या. तांबडी ती लाली, पांढरी ती मोगरी. काकू सकाळी त्यांना सोडून द्यायच्या आणि मग दिवसभर त्या कोणाकोणाच्या दारात काय काय खातात याच्याशी आपला काही संबंध नाही असं वागायच्या. आई घरी ब्लाउज शिवायची. बाबा रेल्वेत फिटर होते. तरुणपणी ते डाव्या बाजूनं फुटबॉल खेळायचे, आणि त्यांच्या वयाची माणसं अजून रस्त्यात थांबवून त्यांच्या कुठल्यातरी गोलची आठवण काढायची. गुडघा गेला तसं खेळणं सुटलं, मैदान काही सुटलं नाही. वस्तीच्या क्लबनं त्यांना मुलांची टीम द्यायला हवी होती. ती दिली दुसऱ्याला, आणि बाबांच्या गळ्यात पडली पोरींची टीम. क्लबातले लोक हसत होते. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी शिट्टी विकत घेऊन आले आणि ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, ती आंघोळीलाही काढायचे नाहीत.

आम्ही नऊ जणी होतो. आमच्या भागात स्पर्धा सात-सात जणींची असे, त्यामुळे नऊ पुरेशा होत्या. मी डावीकडे, मधल्या फळीत. समोर पुष्पी, हरणासारखी धावणारी आणि तेवढीच भांडखोर. उजवीकडे मीना. बाकीच्यांची नावं सांगत बसत नाही, त्या रागावतील हे माहीत असूनही. तीन वर्षं आम्ही स्पर्धेत उतरलो आणि तिन्ही वर्षं पहिल्याच सामन्यात हरून घरी आलो. त्या वर्षी उन्हाळा लागता लागता क्लबचे सेक्रेटरी वानखेडे आमच्या अंगणात आले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, आईनं पन्हं दिलं. अर्धा ग्लास संपल्यावर त्यांनी विषय काढला.

"रामटेकेभाऊ, वाईट नका वाटून घेऊ. पण पोरी एक मॅच जिंकल्या नाही आजपर्यंत. कमिटीत लोकं मले बोलून राहिले. या वर्षी पोळ्यानंतरच्या स्पर्धेत एक मॅच, फक्त एक, जिंकून दाखवा. नाही तं पोरींची टीम बंद. जर्स्या लहान पोट्ट्यांले देऊन टाकू."

"आणि मैदान?" बाबांनी विचारलं.

"मैदान बी त्यांचंच मंग."

मी दाराआड उभी होते. टीम का हरते हे त्या अंगणात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ती माझ्यामुळे हरत होती. पहिल्या वर्षी मी आपल्याच गोलसमोर चेंडू पायात धरून ठेवला, समोरचीनं तो हिसकावला आणि गोल केला, आणि लाइनीवर उभ्या पोरांपैकी एक जण ओरडला, "घरी जाऊन भांडे घास वं!" सगळं मैदान हसलं. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना बाबांनी मला समजावलं होतं, "असू दे. आता असं करत जाय, बॉल आला का देऊन मोकळी हो. आपल्यापाशी ठेवूच नको." त्यांनी ते मायेनं सांगितलं, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की त्यानंतर चेंडू माझ्याकडे आला की मी तो विस्तव लागल्यासारखा टाकून द्यायची. ज्या मुलीला द्यायची तिच्या अंगाला आधीच कोणीतरी चिकटलेली असायची. मी मोकळी व्हायची, ती अडकायची. आम्ही सातही जणी अशा मोकळ्या होत होत हरत होतो.

आता त्या बकऱ्यांकडे येते. वानखेडे येऊन गेले त्याच आठवड्यात आईच्या कुरोड्या होत्या. राखणीचं काम माझं. हातात काठी, डोक्यावर ओला टॉवेल, आणि दोन बाजांच्या मधोमध एक पाटी पालथी घालून तिच्यावर मी बसलेली. नऊ वाजले नव्हते तरी ऊन असं होतं की पाटीवरून उठवत नव्हतं. बाबांची दुपारपाळी होती, ते दारात बसून बशीतून चहा पीत होते. कुंपणाच्या फटीतून लाली आत आली. ती माझ्याकडे आली नाही आणि बाजेकडेही आली नाही. अंगणाची डावी बाजू, जिथं तुळस-बिळस काही नव्हतं, नुसतं मोकळं होतं, तिथून ती सावकाश चालायला लागली, जणू तिला कुरोड्यांशी काही घेणं-देणं नाही. मी बसूनच काठी दाखवली. ती थांबली नाही. अजून चार पावलं आत. आता ती पहिल्या बाजेच्या इतकी जवळ होती की न उठून चालणार नव्हतं. मी उठले, काठी घेऊन तिच्या अंगावर धावले, आणि लाली आल्या वाटेनं शांतपणे मागे सरकली. माझ्या पाठीमागे दुसऱ्या बाजेवर मोगरीनं पूर्ण एक ओळ साफ केली होती. मी वळून तिच्याकडे धावले, तर पहिल्या बाजेवर लालीचं तोंड.

आई साचा हातात घेऊन बाहेर आली आणि जे बोलायचं ते बोलली. मी रडायला लागले. बाबा हसत होते. इतके हसले की बशीतला चहा त्यांच्या बनियनवर सांडला. आई त्यांच्यावर घसरली, "हसून काय राहिले? वर्षाचं खाणं बकरीनं खाल्लं नं!" आणि मग एकाएकी बाबांचं हसू थांबलं. ते बशी खाली ठेवून उठले, लंगडत अंगणाच्या मध्यावर आले आणि पालथ्या पाटीकडे बघत उभे राहिले.

"सुजे, तू काहून उठली?"

"लाली आली म्हणून."

"लाली कुठं आली होती? तुह्या अंगावर आली होती?"

"नाही. मोकळ्या जागेत गेली."

"मंग तू काहून उठली?"

मला वाटलं ते रागावले आहेत. मी म्हटलं, "नसती उठली तं तिनंच खाल्लं असतं नं!"

बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "पाह्य, पाह्य. उठली तं मोगरी खाते, नाही उठली तं लाली खाते. त्या दोघी, तू एकटी. वा रे बकरी! मी वीस वर्षं बॉल खेळलो, आणि मले आज समजून राहिलं." मग ते माझ्याजवळ आले आणि ओल्या टॉवेलवरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुले चुकीचं शिकवलं, पोरी. देऊन मोकळी हो म्हटलं. लालीनं जागा घेतली नसती तं मोगरीले कोणी काही खाऊ दिलं असतं?"

बापानं लेकीला मी चुकलो असं म्हणणं आमच्या वस्तीत कोणी ऐकलेलं नव्हतं. मला त्याचा अर्थ तेव्हा अर्धाच कळला, पण रडू मात्र थांबलं.

त्याच दिवशी, आई कपाळाला हात लावून बघत असताना, बाबांनी अंगणात दोन विटा ठेवल्या आणि त्यांना बाजा म्हटलं. पाटीवर स्वतः बसले. मला चेंडू दिला आणि म्हणाले, "तू लाली. जाय." मी चेंडू घेऊन सरळ त्यांच्याकडे गेले. त्यांनी बसल्या बसल्या पाय घालून काढून घेतला. "माह्या अंगावर कायले येतं? मी इथं बसलो नं! जिथं कोणी नाही तिथं जाय." मी डावीकडच्या मोकळ्या भागात चेंडू नेला. "अजून. अजून जाय. मी उठेपर्यंत जाय." मी घाबरत घाबरत नेत राहिले, आणि एका क्षणी बाबा पाटीवरून उठले. "हां! आता माह्या मांगं काय आहे?" त्यांच्या मागे रिकामं अंगण होतं, आणि तिथं खांबाला टेकून आई उभी होती. "दे तिले," बाबा म्हणाले. मी चेंडू आईकडे ढकलला. तो तिच्या लुगड्यावर जाऊन लागला. आईनं तो पायानंच परत लाथाडला, बराच जोरात, आणि म्हणाली, "मले नका गुंतवू यात." पण ती आत गेली नाही, एवढं मी तेव्हाही पाहिलं होतं.

मला एक शंका होती, आणि ती मी विचारलीच. "बाबा, कोणी उठलंच नाही तं?"

बाबा सहज म्हणाले, "कोणी नाही उठलं तं कुरोड्या तुह्याच."

आता मी नंदनवन वस्तीत राहते आणि संध्याकाळी तिथल्या मैदानावर मुलींना शिकवते. शिकवते म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ओरडते. गुडघ्यांच्या बाबतीत मी बापावर गेले. माझ्यासोबत एक तरुण कोच असतो, परीक्षा पास झालेला, गुणी मुलगा. तो टॅबवर लाल-निळे ठिपके फिरवून मुलींना समजावतो, रिकाम्या जागेत चेंडू नेऊन ओव्हरलोड कसा करायचा. मुली मान डोलावतात. मग तो गेला की त्या माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, म्हणजे काय करायचं?" मी त्यांना एक पालथी बादली ठेवायला सांगते. त्या मुलाला माझ्या बकऱ्यांबद्दल सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी गंमत करते आहे. त्याचं बरोबर आहे म्हणा, त्याला बकरीनं शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी मैदानावर हे आणायला चार महिने गेले. बाबांनी साध्या गोष्टीपासून सुरुवात केली. दोघी एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि ती एक पालथ्या पाटीवर बसलेली. चेंडूवाली मोकळ्यात जाणार. पाटीवरची उठली की तिच्या मागच्या मुलीनं ओरडायचं, "उठली!" आणि ते ऐकल्याशिवाय चेंडू सोडायचा नाही. आधी दिला तर बाबा शिट्टी वाजवायचे. उशिरा दिला तरी वाजवायचे. मग तिघींसमोर दोघी, चौघींसमोर तिघी केल्या, मग पाट्या काढून टाकल्या आणि उभं राहून खेळायला लावलं. पुष्पीला "उठली" ओरडायला इतकं आवडायचं की ती बाजारात सुद्धा ओरडायची. मीनाला पटकन जमलं. मला सगळ्यात शेवटी जमलं. चेंडू घेऊन मोकळ्यात जाताना माझ्या कानात ते पहिल्या वर्षीचं हसू वाजायचं, आणि "उठली" यायच्या आधीच माझा पाय चेंडू टाकून द्यायचा. बाबांची शिट्टी. पुन्हा. पुन्हा शिट्टी. एकदा मी वैतागून म्हटलं, "मले काढा नं टीममधून." बाबा म्हणाले, "काढतो नं. पयले एकदा लाली होऊन दाखव, मंग काढतो." पावसाळा अर्धा सरला तेव्हा कुठे माझा पाय थांबायला शिकला.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली, आणि स्पर्धेच्या चिठ्ठ्या पडल्या. आमची पहिलीच गाठ सदर भागातल्या टीमशी. त्या दोन वर्षं सलग जिंकलेल्या, पायांत खिळ्यांचे बूट, आणि मध्ये एक उंच मुलगी, जिला आम्ही नाव न कळल्यानं लंबी म्हणायचो. चिठ्ठी ऐकून वानखेडे बाबांना म्हणाले, "नशीब म्हणते ते हेच." जर्स्यांची मापं घ्यायला लहान मुलांच्या टीमचे दोन-तीन जण सामन्याच्या आदल्या दिवशी येऊनही गेले. हाफपँट मात्र कोणी मागितल्या नाहीत, कारण त्या आईनं बाबांच्या जुन्या निळ्या युनिफॉर्मच्या पँट कापून शिवल्या होत्या. शिवताना ती सारखी कुरकुरत होती, की एवढाल्या पोरी बोकडांसारख्या हुंदडतात. शिवण मात्र दुहेरी घातली होती. सामन्याच्या दिवशी मी निघताना ती म्हणाली, "मी काही येणार नाही. मले बटनं आणाले बाजारात जायचं आहे."

मैदानावर चिखल होता आणि अर्धी वस्ती होती. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी गोल केला. मग आम्ही धावत राहिलो आणि चेंडू त्यांच्याकडे राहिला. माझ्याकडे तो चार वेळा आला असेल, आणि चार महिन्यांची मेहनत विसरून चारही वेळा मी तो विस्तवासारखा टाकला. लाइनीवरून तीच पहिल्या वर्षीची हाक आली, भांडे घासण्याची. मी वर पाहिलंच नाही. मध्यंतरात आम्ही चिखलात बसून लिंबाचं सरबत पीत होतो. बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. गुडघ्यामुळे त्यांना ते फार दुखायचं, म्हणून ते कधी तसे बसायचे नाहीत.

"सुजे, हसून राहिले ते लोकं तुह्या समोर आहे का मांगं?"

"बाजूले."

"मंग ते काही पाटीवर बसलेले नाही. त्यायले बकरीनं विचारलंच नाही."

एवढंच बोलून ते उठले. मला हसू आलं, सरबत नाकात गेलं, आणि खोकता खोकता मी उठून उभी राहिले.

दुसरा भाग सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मीनानं उजवीकडून चेंडू माझ्याकडे टाकला. डावीकडे लाइनीपर्यंत कोणी नव्हतं. नुसता चिखल आणि डबकं. मी चेंडू पायाशी घेऊन त्या रिकाम्या भागात शिरले. एक पाऊल, दोन, चार. पाय टाकून द्यायला निघाला, मी त्याला आवरलं. पाच, सहा. लंबी मधेच उभी होती, पुष्पीला लागून. ती माझ्याकडे बघत होती, पुष्पीकडे बघत होती. मी अजून आत गेले. आता न येऊन तिला चालणार नव्हतं. ती निघाली, आणि तिच्या मागून पुष्पी जिवाच्या आकांतानं ओरडली, "उठलीऽऽ!" मी चेंडू लंबीच्या पायाबाजूनं आत सरकवला. पुष्पी एकटी होती. तिनं तो जाळ्यात घातला आणि सरळ बाबांच्या अंगावर जाऊन आदळली, दोघं चिखलात पडले. बरोबरी झाली. पण आम्हाला बरोबरी चालणार नव्हती, कारण बरोबरीत चिठ्ठ्या टाकायचे, आणि चिठ्ठ्यांनी आमचं काय केलं होतं ते आम्ही पाहिलं होतं.

मग पंधरा मिनिटं मी काय खेळले ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी मोकळ्यात जायची, कोणीतरी यायची, मी तिच्या मागे चेंडू द्यायची. कधी मीनाला, कधी पुष्पीला. दर वेळी "उठली" ऐकू यायचं, आणि लाइनीवरची पोरं, तीच भांडेवाली, आता आमच्याबरोबर "उठली" ओरडायला लागली. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला. एकदा त्यांच्या गोलकीपरनं अंगावर झेलला. शेवटी त्यांच्या कोचच्या लक्षात आलं. तो हात हलवून ओरडला, "नौ नंबर को मत छोड़ना! बॉलवाली के पास कोई मत जाना!" नऊ नंबर म्हणजे पुष्पी. लंबी तिला जाऊन चिकटली, आणखी एक जण चिकटली, तिसरी मीनापाशी. वेळ संपत आली होती. रेफ्री घड्याळ बघत होता.

चेंडू माझ्याकडे आला. मी मोकळ्यात शिरले. कोणी आलं नाही. मी अजून आत गेले. लंबी जागची हलली नाही. पुष्पी तिच्या आड अडकलेली, ती रडकुंडीला येऊन ओरडली, "उठूनच नाही राहिली वं!" चार महिने मी एकच शिकले होते, ती उठेपर्यंत सोडायचं नाही. आणि ती उठत नव्हती. माझा वेग कमी झाला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी शिट्टीच तोंडात चावून धरली होती. माझा पाय पुन्हा चेंडू कोणाला तरी देऊन टाकायला वळला. आणि त्याच वेळी मैदानाच्या त्या टोकाकडून, जिथं बायका कधी उभ्या राहत नसत, एक आवाज आला. चीक करपताना, बकऱ्या हाकलताना, मला झोपेतून उठवताना ऐकलेला आवाज.

"कोनी येऊन नाही राहिलं नं, सुजे! कुरोड्या तुह्याच आहे! जाय!"

मी वळून पाहिलं नाही. मी धावले. समोर पूर्ण मैदान उघडं होतं, मला वाटतं इतकी मोकळी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. लंबीला उशिरा कळलं, ती पुष्पीला सोडून माझ्यामागे धावली. पुष्पीनं "उठली!" म्हटलं सुद्धा, पण आता मी ऐकणार नव्हते. गोलकीपर पुढे आली. मी डोळे मिटून अंगठ्यानं चेंडू मारला. बाबांनी तसं मारायला हजारदा मना केलं होतं. चेंडू तिच्या हाताखालून गेला, चिखलात अडकला, थांबतो की काय असं झालं, आणि रडतखडत रेषेपलीकडे जाऊन पडला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली आणि लगेच दुसरी, शेवटची. दोन-एक. मला पुष्पीनं उचललं, मीनानं उचललं, मग कोणी कोणी उचललं कळलं नाही. मला आनंद झाला होता, असा आनंद की छातीत मावत नव्हता, आणि ते लिहायला मला आजही दुसरा शब्द सुचत नाही.

आई निंबाच्या झाडाखाली उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या मुठीत बटनांची पुडी. पुडी दाबून दाबून फाटली होती आणि बटनं चिखलात सांडली होती, तिला पत्ता नव्हता. वानखेडे आमच्याकडे येत होते, त्यांना आधी तीच भेटली. त्यांनी तिला काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "भाऊ, जर्स्या धुवाले मी घरी नेते. पुढच्या वर्षी लागन." वानखेड्यांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर ते स्वतःच घसा बसेपर्यंत ओरडले होते. पुढच्या सामन्यात आम्ही चार गोलांनी हरलो आणि त्याचं दुःख कोणालाच झालं नाही. टीम राहिली. ती टीम अजून आहे. आता तिला नऊ नाही, तीस मुली आहेत.

त्या संध्याकाळी घरी जाताना बाबा शकुनकाकूंच्या दारात थांबले आणि खुंट्याला बांधलेल्या लालीला त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला. काकूंनी दार लावून घेतलं. सगळी टीम आमच्या अंगणात बसली, चिखलाची सुकून खपली झालेली. आईनं कढई ठेवली आणि फळीवरून कुरोड्यांचा मोठा डबा काढला, तोच, जो दिवाळीआधी कोणी उघडायचा नसतो. तेलात पडली की कुरोडी क्षणभर गप्प बसते आणि मग फुलते. एकेक फुलत गेली. आईनं मोठं ताट भरलं आणि ते मधे न ठेवता माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"काय पाहून राहिली?" आई म्हणाली. "कोनी आलं नव्हतं नं? मंग तुह्याच."

बाबांनी शेजारून हळूच हात पुढे केला. आईनं झाऱ्यानं त्यांचा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "तुम्ही थांबा. पयले तिले खाऊ द्या."